बॅग तुम्हीच भरली का?

आमच्या घरात कुणाचीच बॅग एकट्याने कधी भरली गेलेली नाही. निघणारे माणूस आपले कपडे तेवढे ठेवते. उरलेली बॅग घर भरते. ती चार-पाच दिवस दिवाणावर उघडी पडलेली असते आणि येता-जाता कुणी तिच्यात मेतकुटाची पुडी सरकवते, कुणी लसणाच्या चटणीची, कुणी देवाचा अंगारा. कुलूप लागते तेव्हा निघणाऱ्याला आपल्या बॅगेतले निम्मेसुद्धा ठाऊक नसते. ते कोड्यासारखे परगावी उलगडत जाते, आणि त्या उलगडण्यात घराची आठवण येण्याची सोय केलेली असते.

माझी लेक कोचीला असते. तिथेच लग्न, तिथेच नोकरी, आणि आता तिथेच बाळंतपण. पोटावर टाके पडल्यामुळे माहेरी येणे शक्य नव्हते. म्हणून बारशाला मी जायचे ठरले. आमचे घर औरंगाबादला गारखेड्यात, दोन मजल्यांचे. खाली माझे दीर आणि मोठ्या जाऊबाई राहतात, वर मी. जाऊबाईंना मी अक्का म्हणते. माझी लेक त्यांना मोठी आई म्हणते आणि लहानपणी ती माझ्यापेक्षा त्यांच्याच कुशीत अधिक झोपली आहे. अक्कांना मूलबाळ नाही. त्यांना कोचीला यायचे होते, पण गुडघे साथ देत नव्हते आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती.

‘‘मी नाय येत,’’ त्या एके दिवशी म्हणाल्या. ‘‘माझी गोधडी येतीय. तिला पाळण्यात घाला, पोरीला तिच्यावर निजवा, आन् मला फोनवर दाखवा. बस्स.’’

ती गोधडी त्यांनी पावसाळ्यापासून शिवायला घेतली होती. वरचा पदर त्यांच्या एका जुन्या सुती लुगड्याचा, पिकलेल्या जांभळासारखा. आत माझ्या दोन साड्या आणि माझ्या नवऱ्याचे धुऊन धुऊन सायीसारखे झालेले सदरे. एका कडेने टाके मुंगीच्या रांगेसारखे बारीक आणि सरळ. मग मधोमध येता येता ते लांब होत जातात, रांग किंचित वाकते, आणि दुसऱ्या कडेला तर दोरा चाचपडत गेल्यासारखा दिसतो. अक्कांच्या डोळ्यांवर पडदा कसा कसा उतरत गेला, ते त्या गोधडीवर हात फिरवला तरी कळते. शस्त्रक्रियेनंतरही आपल्याला पुन्हा सुईत दोरा ओवता येईल, यावर त्यांचा विश्वास नव्हता. ‘‘ही शेवटची,’’ असे त्या सहज म्हणायच्या, जेवताना ‘आता ही शेवटची भाकरी’ म्हणावे तसे.

आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी आले त्या दिवशी अक्कांनी गोधडी धुतली, गच्चीवर वाळवली, आणि संध्याकाळी शेपा आणि वेखंडाची धुरी तिला दिली. मी वरच्या खोलीत होते. तो तिखटगोड धूर जिन्यावरून वर आला आणि मला माझ्या बाळंतपणाची खोली आठवली. ओल्या केसांची ऊब, बाजेखालची शेगडी, आणि दारातून आत-बाहेर करणारी अक्कांची पावले.

मग वजनाचा प्रश्न आला. लेकीने फोनवरून नियम समजावले होते. विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेला इतके किलो, हातातल्या बॅगेला इतके. लोणचे हातातल्या बॅगेत नको, पॉवरबँक मोठ्या बॅगेत नको. ‘‘आणि आई, खोबऱ्याच्या वाट्या अजिबात नकोत. सुकं खोबरं चालत नाही. त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं म्हणतात.’’ मी हे सगळे खाली अक्कांना सांगितले. त्या डिंकाच्या लाडवांसाठी खोबरे किसतच बसल्या होत्या.

‘‘मंग हे लाडू?’’

‘‘लाडू चालतात. त्यात किसलेलं, भाजलेलं आहे.’’

‘‘किसलं तर चालतं, अख्खं असलं तर नाय. पोटात गेल्यावर एकच की गं.’’

‘‘नियम आहे, अक्का.’’

‘‘असंल बाई.’’

हूक लावून बॅग उचलायचा छोटा काटा शेजारणीकडून आणला. बॅग उचलली की काटा लाल व्हायचा. मी बाजरीचे पीठ बाहेर काढले. अक्का बघत राहिल्या.

‘‘एवढं मोठं इमान. त्याला माझ्या शेरभर पिठाचं ओझं व्हतंय व्हय? तिथं काय बैलं जुंपलीत?’’

हसू आले, पण मी थकले होते. निघण्याआधीचे आठ-दहा दिवस माणसाला प्रवासापेक्षा जास्त दमवतात. पिठापाठोपाठ हळदीची पुडी काढली, माझी एक साडी काढली. गोधडी मात्र तळाशी तशीच राहिली, आणि तिच्यावर लाडवांचे डबे. निघायच्या दिवशी पहाटे मी आंघोळीला गेले तेव्हा बॅग उघडी होती. आल्यावर मी वरून एक टॉवेल टाकला, चेन ओढली, लहानसे पितळी कुलूप लावले आणि किल्ली पर्समध्ये ठेवली.

दारातून बाहेर पडताना एक गोष्ट झाली. खरे तर झाली नाही. पूर्वी मी कुठेही निघाले, अगदी वैजापूरला माहेरी दोन दिवस गेले तरी, अक्का उंबऱ्यात मला थांबवून माझी ओटी भरायच्या. तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी. माझा नवरा गेल्यापासून ते थांबले. कुणी काही बोलले नाही. मी कुंकू लावायचे सोडले आणि रंग फिके केले ते कुणाच्या सांगण्यावरून नाही. मनच तसे झाले होते. पण ओटी थांबली ती रीत म्हणून. तेव्हापासून मी निघाले की अक्का दारात येतात आणि नेमके त्या क्षणी तुळशीकडे नाहीतर रस्त्यावरच्या रिक्षाकडे बघू लागतात. त्या दिवशीही त्या रिक्षाकडे बघत होत्या.

चिकलठाण्याचे विमानतळ लहान आहे. सकाळी तिथे फरशी पुसल्याचा वास आणि यंत्रातल्या कॉफीचा वास एकमेकांत मिसळलेला असतो. काउंटरवरच्या मुलीने बॅगेचे वजन पाहिले, मान हलवली, आणि पाठ केलेल्या आवाजात विचारले, ‘‘बॅग तुम्हीच भरली का, मॅडम?’’

‘‘हो.’’

‘‘कुणी दुसऱ्यानं काही ठेवायला दिलंय का?’’

‘‘नाही.’’

समोरच्या काचेवर नेऊ नये अशा वस्तूंची चित्रे होती. लायटर, फटाके, बॅटरी, रंगाचा डबा, आणि एका कोपऱ्यात फोडलेला नारळ. मी त्या चित्राकडे निर्धास्तपणे पाहिले. बॅगेला पट्टी लागली, ती थेट कोचीची. मुंबईत विमान बदलायचे मला होते, बॅगेला नव्हे. पट्ट्यावरून ती रबराच्या पडद्याआड गेली. विमान वर चढले तेव्हा दौलताबादचा डोंगर खाली तळहाताएवढा झाला, आणि तोही धुळीत विरघळला.

मुंबईत पुढच्या विमानाला उशीर झाला. किती उशीर, ते फलकावर दर वेळी नवे दिसायचे. त्या विमानतळावर आता घोषणा होत नाहीत. माणसे नुसती फलकाकडे आणि फोनकडे बघत असतात. इतकी माणसे आणि एवढी शांतता मी फक्त इस्पितळाच्या बाहेरच्या बाकांवर अनुभवली आहे. गार वारा पायांच्या बोटांतून वर चढत होता. लेकीचा फोन आला.

‘‘आई, एवढा उशीर झाला की खाणंपिणं त्यांनी द्यायला हवं. तो तुझा हक्क आहे. काउंटरवर जाऊन माग.’’

‘‘बघते.’’

‘‘बघते नाही, माग. तू कधीच मागत नाहीस.’’

मी उठून गेले. न मागताच एक कागदी पिशवी हातात आली. तिच्यात थंड सँडविच आणि गोड पाण्यासारखा रस. हक्क मिळाला, भूक मेली. लेकीने सांगितले की आता ती थोडे झोपते, बाळ नुकतेच निजले आहे. मी तिला म्हटले, फोनचा आवाज बंद करून झोप. हे वाक्य मी अगदी मायेने बोलले, आणि त्या दिवशी त्याच्याइतके महाग वाक्य दुसरे नव्हते. कारण तिकीट लेकीने काढले होते. संपर्कासाठी नंबर तिचा दिला होता. मला नको असलेले संदेश त्रास देतात, म्हणून. विमान कंपनीला मला जे काही कळवायचे होते, ते सगळे एका निजलेल्या बाळंतिणीच्या उशाखालच्या मुक्या फोनवर जात राहिले.

कोचीत उतरले तेव्हा हवा ओल्या टॉवेलासारखी अंगावर आली. सामानाच्या पट्ट्यापाशी उभी राहिले. एकेक बॅग आपला माणूस ओळखून उतरत गेली. शेवटी दोरीने बांधलेला एक खोका उरला. तो पुन्हा पुन्हा फिरत माझ्यासमोर येत होता, जणू मीच त्याला विसरले होते. मग पट्टा थांबला. रबराचा घरघराट बंद झाल्यावर किती थकवा आला आहे, ते कळले. मी तिथल्या कठड्यावर बसले.

सामानाच्या तक्रारीच्या काउंटरवर एक तरतरीत मुलगी होती. केसांत मोगरा, हिंदी मल्याळमच्या हेलात. तिने पट्टीचा तुकडा घेतला, संगणकात पाहिले, आणि आधी अर्ज पुढे केला. ‘‘बाहर जाने से पहले भरना, अम्मा. बाद में बोलेंगे तो मुश्किल.’’ ती बरोबर बोलत होती. विमानतळाबाहेर पाऊल टाकण्याआधी लेखी नोंद झाली नाही, तर पुढे आपले म्हणणे कुणी ऐकत नाही. मी भरू लागले. बॅगेचा रंग, चाके, कुलूप. आत काय होते?

‘‘गोधडी,’’ मी म्हटले.

‘‘ब्लँकेट?’’

‘‘नाही… हो. तसंच.’’

‘‘नया या पुराना?’’

‘‘पुरानेसे नया.’’

तिने काय लिहिले, मी पाहिले नाही. किमतीची चौकट आली तेव्हा मी पेन थांबवला. तीच म्हणाली, ‘‘छोड दीजिए.’’ मग तिचा फोन वाजला, ती बराच वेळ मल्याळममध्ये बोलली, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘अम्मा, बॅग हरवली नाही. मुंबईत अडवली आहे. तपासणीत सापडलं काहीतरी. तुम्हाला खूप फोन केले म्हणतात.’’ हे तिने हिंदीत सांगितले. माझ्या कानांनी ते मराठीत ऐकले. थकलेल्या माणसाला सगळे आपल्याच भाषेत ऐकू येते.

‘‘काय सापडलं?’’

‘‘ड्राय कोकोनट.’’

‘‘शक्य नाही. मी ठेवलंच नाही.’’

‘‘बॅग तुम्हीच भरली ना?’’

मुंबईहून आलेले चित्र तिने मला पडद्यावर दाखवले. क्ष-किरणांत बॅग नारिंगी दिसत होती. लाडवांचे डबे गोल गोल, चेनची दातेरी रेघ, आणि तळाशी गोधडीच्या घड्यांचे मऊ, धूसर थर. त्या थरांच्या मध्यभागी, नीट गुंडाळलेला, एक लंबगोल पोकळ आकार. सहा महिन्यांपूर्वी लेकीने मला सोनोग्राफीचे चित्र पाठवले होते. तेही मी असेच डोळे बारीक करून पाहिले होते, आणि तेव्हाही समजायला वेळ लागला नव्हता.

कुलूप माझे होते, किल्ली माझ्याकडे. कुलूप तोडून ती वस्तू काढायला आणि नष्ट करायला माझी लेखी संमती हवी होती. ती मिळाली की बॅग पुढे पाठवू, उद्या किंवा परवा, ते म्हणाले. बारसे परवाच होते. मी सही करण्याआधी घरी फोन लावला.

‘‘पोचलीस? गोधडी दिली तिला?’’ अक्कांचा पहिला प्रश्न.

‘‘अक्का, गोधडीत काय ठेवलंत तुम्ही?’’

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

‘‘काय नाय.’’

‘‘अक्का.’’

‘‘ओटी ठेवली. खणात बांधून. रिकामी गोधडी पाठवायची व्हय लेकराला?’’

‘‘मी सांगितलं होतं ना, खोबरं चालत नाही म्हणून.’’

‘‘खोबरं कुठं ठेवलं मी?’’ त्यांचा आवाज खरोखरच दुखावलेला होता. ‘‘ती ओटी हाय. ओटी म्हंजे खोबरं व्हय?’’

काउंटरवरची मुलगी पेन घेऊन उभी होती. आयुष्यभर मी शाळेत मुलांना शब्दांचे अर्थ शिकवले, आणि अक्का मला सांगत होत्या की वस्तू ज्या कामाला लागते तेच ती असते. डब्यातले खोबरे वेगळे, ओटीतले वेगळे. हे लिहिता लिहिता मला पटते. त्या दिवशी मात्र पायांत गोळे आले होते आणि मला फक्त रडू येऊ नये एवढेच हवे होते.

‘‘बॅग अडवलीय, अक्का. वाटी काढून टाकतील. मग गोधडी येईल. बारशाला पोचेल की नाही, सांगता येत नाही.’’

मग अगदी लहान आवाज, ‘‘गोधडी टाकत नाय ना ते?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग काढ म्हणावं वाटी. सई कर.’’

मी सही केली.

पुढचे दोन दिवस फोनला कान लावून गेले. तीच तीच सतार वाजायची आणि मधूनच एक गोड आवाज मी त्यांना महत्त्वाची आहे असे सांगायचा. लेक दूध पाजता पाजता एका हाताने फोनवर प्रवाशांच्या हक्कांची पाने वाचत होती. बॅग उशिरा आली तर काय मागता येते, हरवली असे कधी धरले जाते, जबाबदारी कुणाची, मर्यादा किती. तिचे डोळे जागरणाने लाल झाले होते आणि आवाज वकिलाचा होता.

‘‘त्यांनी तुला वेळेत कळवायला हवं होतं. तू तिथंच बसली होतीस, गेटवर. माणूस पाठवता येत नाही? हा तुझा हक्क आहे, आई.’’

‘‘त्यांनी फोन केले होते, बाळा.’’

‘‘कुणाला?’’

मी तिच्या फोनकडे पाहिले. तिने तो उचलला, चुकलेल्या कॉल्सच्या रांगेवरून बोट खाली नेत गेली, आणि फोन पालथा ठेवला. नंतर बराच वेळ ती बाळाच्या टाळूवरून हात फिरवत राहिली. मला तिला सांगायचे होते की चूक तुझी नाही. तू नंबर दिलास तो मला त्रास नको म्हणून, मी झोप म्हटले ते तुला विश्रांती मिळावी म्हणून, अक्कांनी वाटी ठेवली ती गोधडी रिकामी जाऊ नये म्हणून. बॅग आम्ही सगळ्यांनी मिळून भरली होती, आणि ती अडवलीही सगळ्यांनी मिळूनच. पण हे सांगायलाही बसायला नीट जागा आणि पुरती झोप लागते. हक्कांचेही तसेच आहे. ते मागायला अंगात जी ताकद लागते, ती ज्याच्याकडे नसते त्याच्यासाठीच खरे तर ते लिहिलेले असतात.

विहीणबाई, म्हणजे लेकीच्या सासूबाई, रोज सकाळी डबा घेऊन येत. ठेंगण्या, हसऱ्या, अंगाला खोबरेल तेलाचा वास. त्यांना मी मोडक्या हिंदीत सगळे सांगितले. आधी त्यांना कळेना. मग कळले तेव्हा त्या खुर्चीवर बसून पोट धरून हसल्या.

‘‘चेची, औरंगाबाद से नारियल? केरला में?’’ चेची म्हणजे मोठी बहीण. त्या मला तसेच म्हणतात. खिडकीबाहेर बोट करून त्या म्हणाल्या, ‘‘वो क्या है?’’ बाहेर चार माड वाऱ्यावर पंखे हलवत उभे होते. मीही हसले. त्या दोन दिवसांतले ते माझे एकमेव हसू.

बारशाला गोधडी आली नाही. पाळणा आम्ही भाड्याने आणला होता, झेंडूऐवजी मोगऱ्याच्या माळा लावल्या, आणि पाळण्यात विहीणबाईंनी दिलेले सोनेरी काठाचे पांढरे मुंडू, म्हणजे तिकडचे नेसायचे वस्त्र, चौघडी करून अंथरले. कोवळ्या उन्हासारखे कापड. बाळ त्यावर मुठी आवळून निजले. अक्का व्हिडिओ कॉलवर होत्या. त्यांना नीट दिसत नव्हते म्हणून दीर फोन त्यांच्या नाकापाशी धरत आणि मग आम्हाला फक्त त्यांचा एक डोळा आणि चष्म्याची काडी दिसायची.

‘‘पोरगी कशात निजलीय?’’

‘‘मोठी आई, ही इकडची साडी असते ना, तिच्यात,’’ लेक म्हणाली. ‘‘गोधडी उद्या येईल.’’

‘‘मऊ हाय का?’’

‘‘हो.’’

‘‘मंग बरं हाय.’’ आणि थोडे थांबून, ‘‘लई गोरी दिसतीय गं. का फोनच तसा हाय?’’

सगळे हसले. अक्का हसल्या नाहीत. नाव ठेवताना बायकांनी कुर्र केले तेव्हा फोनमधून त्यांचाही आवाज आला, आमच्यापेक्षा अर्धा क्षण मागे. तो मागे राहिलेला आवाज माझ्या कानांत अजून आहे.

बॅग दुसऱ्या दिवशी दुपारी आली. एका माणसाने दारात ठेवली, सही घेतली. माझे पितळी कुलूप नव्हते. त्या जागी प्लॅस्टिकची पट्टी करकचून ओढलेली, चेन एका बाजूला उसवलेली. आत सगळे होते, पण परक्या हातांनी ठेवलेले. गोधडी लाडवांच्या डब्यांवर आली होती, चुकीच्या बाजूने घडी घातलेली. मी ती उलगडली तेव्हा तांदळाचे दाणे फरशीवर सांडले, टिपटिप, एखाददुसरी सर येऊन जावी तसे. हळकुंड आणि सुपारी एका कोपऱ्यात तशीच होती. वाटी नव्हती. तिचा तेलकट वास मात्र शेपांच्या धुरात मिसळून मागे राहिला होता.

आणि खण होता. तपासणाऱ्याने तो सोडून, नीट घडी करून वर ठेवला होता. बाळंतिणीच्या ओटीचा खण अक्का हिरवाच घेतात. हा हिरवा नव्हता, लाल नव्हता. फिका, राखाडीकडे झुकणारा निळा होता, वळवाआधीच्या आभाळाचा. असले रंग आमच्या घरात आता फक्त मी नेसते.

मी तो हातात घेऊन कितीतरी वेळ बसले. लेकीने विचारले, ‘‘काय गं?’’ मी ‘काही नाही’ म्हटले आणि खण पर्समध्ये ठेवला.

त्या संध्याकाळी बाळाला गोधडीवर निजवले. बारीक टाक्यांची कड तिच्या डोक्याकडे, चाचपडलेल्या टाक्यांची पायांकडे. अक्कांना फोन लावला. त्या काही विचारण्याआधीच बाळाने गोधडी भिजवली.

‘‘मोठी आई, शी! आत्ता घातली होती,’’ लेक म्हणाली.

‘‘मुतली?’’ अक्कांचा आवाज एकदम मोकळा झाला. ‘‘मुतली व्हय माझी बाय? झालं तर मंग. कामाला लागली गोधडी!’’ आणि त्या इतक्या हसल्या की फोन खाली पडला. बराच वेळ आम्हाला आमच्या घराचे छत आणि फिरणारा पंखा दिसत राहिला.

लेकीला कंपनीकडे दाद मागायची होती. कुलपाची, चेनची, बारशाची. मी म्हटले, तुझी इच्छा असेल तर माग. तिने लिहायला घेतले, मग बाळ रडले, मग राहून गेले.

महिन्याने मी परतले. येताना केळ्यांचे वेफर्स विहीणबाईंनी माझ्यासमोर बॅगेत ठेवले आणि दोन्ही हात उघडे करून दाखवले, ‘‘नो कोकोनट, चेची.’’ काउंटरवर तोच प्रश्न आला. मी ‘हो’ म्हटले. दुसरे उत्तर देण्याची तिथे सोय नसते.

घरी पोचले तेव्हा अक्कांची शस्त्रक्रिया झाली होती. काळा चष्मा लावून त्या ओट्यापाशी बसल्या होत्या. मी चपला काढल्या, पाणी प्यायले, त्यांच्याशेजारी पाटावर टेकले आणि पर्समधून तो निळा खण काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो बोटांनी चाचपला.

‘‘ओटी लेकीची नव्हती ना, अक्का?’’

‘‘गोधडी लेकीची व्हती.’’ त्या उठल्या, देव्हाऱ्याखालच्या डब्यातून तांदूळ काढले, खोबऱ्याची वाटी काढली. ‘‘उठ. पदर धर.’’

माझ्या अंगावर प्रवासातला चुरगळलेला पंजाबी ड्रेस होता. ‘‘अक्का, मला ते चालत नाही आता.’’

‘‘कुणाला चालत नाय?’’ काळ्या चष्म्यातून त्या माझ्याकडे बघत होत्या की नाही, कळत नव्हते. पण रिक्षाकडे बघत नव्हत्या, एवढे नक्की. ‘‘इमानाला चालत नाय. मला चालतं.’’

हो म्हणायला कारण लागते आणि नाही म्हणायला बळ. माझ्यापाशी त्या वेळी दोन्ही नव्हते. मी उठून ओढणी पुढे केली. तांदूळ पडले, थंड आणि पुष्कळ. मग हळकुंड, सुपारी, आणि सगळ्यांवर ती तपकिरी, सुरकुतलेली वाटी. कोचीला निघाल्यापासून अंगात साठलेला सगळा शीण त्या ओझ्याने खाली ओढल्यासारखा पायांशी आला आणि मी तशीच, ओटी धरून, पाटावर बसले.

बाहेर नळाला सूं सूं करत हवा आली, आणि मागोमाग पाण्याची पहिली चूळ.

‘‘बस तशीच,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘मोटर लावून येते.’’